दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचा दाह : ईल्स रोग, त्यावरील उपचार आणि फेरतपासणीचे महत्त्व



वार्षिक अहवालात आकडे आणि ताळेबंद यांच्या जोडीने एखाद्या आजाराची माहिती देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे प्रशासन व हिशेब पाहणे हे माझे काम. प्रस्तुत लेखातील वैद्यकीय भाग आपल्या नेत्रविभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिला आहे व त्यांनी तो तपासून दिला आहे. आजाराची निवड मात्र माझी. तिच्यामागे एक कारण आहे, ते लेखाच्या उत्तरार्धात सांगेन.

डोळ्यांचा दवाखाना म्हटला की मोतीबिंदू झालेले वृद्ध स्त्री-पुरुष आपल्या नजरेसमोर येतात. आपल्या शीळफाट्याच्या परिसराची गोष्ट थोडी वेगळी आहे. कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. भोवताली गोदामे, कारखाने, गॅरेज आणि नव्या वसाहतींची बांधकामे आहेत. त्यामुळे आपल्या बाह्यरुग्ण विभागात कमावत्या वयाचे तरुण मोठ्या संख्येने येतात. त्यांतील एखादा सांगतो, "डोळ्यासमोर माशी फिरल्यासारखी वाटते, हाकलली तरी जात नाही." डोळा लाल नसतो, दुखत नसतो, पाणी येत नसते. बाहेरून पाहणाऱ्याला तो संपूर्ण निरोगी दिसतो. अशा काही तरुणांमध्ये आढळणाऱ्या ईल्स रोगाविषयी हा लेख आहे.

रोगाची ओळख

डोळ्याच्या आतील मागच्या भिंतीला अस्तरासारखा एक पातळ थर असतो. त्याला दृष्टिपटल किंवा बोलीभाषेत डोळ्याचा पडदा म्हणतात. बाहेरचे चित्र या पडद्यावर उमटते आणि मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाते. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या व नीला केसासारख्या बारीक असतात. शरीरातील जिवंत रक्तवाहिन्या कोठेही छेद न घेता प्रत्यक्ष पाहता येतील, अशी सोय डोळ्याच्या या भागात आहे. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले आणि तेव्हापासून पडद्याच्या रोगांचा खरा अभ्यास सुरू झाला.

या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येणे म्हणजे त्यांचा दाह. तो अनेक कारणांनी होतो. क्षयरोग, उपदंश, काही विषाणूंचा संसर्ग, सारकॉइडोसिस, ल्युपस, तोंडात वारंवार व्रण उठणारा बेहसेटचा रोग, ही त्यांतील काही. या सर्वांचा शोध घेऊनही विशिष्ट कारण हाती लागत नाही, रुग्ण तरुण व एरवी धडधाकट असतो आणि दाह मुख्यतः पडद्याच्या कडेकडच्या नीलांमध्ये असतो, तेव्हा डॉक्टर ईल्स रोगाचे निदान करतात. म्हणजे हे निदान इतर शक्यता एकेक करून खोडत गेल्यावर उरणारे निदान आहे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनी १८८० साली पाच तरुणांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा रक्तस्राव होत असे. त्यांना बद्धकोष्ठाचा व नाकातून रक्त येण्याचाही त्रास होता, म्हणून ईल्स यांनी या गोष्टींचा परस्परसंबंध जोडला. तो संबंध पुढे टिकला नाही. रक्तवाहिन्यांचा दाहही त्यांनी नोंदवलेला नव्हता, ते निरीक्षण १८८७ साली वॅड्सवर्थ यांनी मांडले. तरीही प्रथम लक्ष वेधणाऱ्याचे नाव रोगाला कायम राहिले.

युरोप-अमेरिकेत आज हा रोग दुर्मीळ समजला जातो. भारतीय उपखंडात मात्र तो त्या मानाने अधिक आढळतो. आपल्याकडील नेत्रविषयक लिखाणात दर दोनशे ते अडीचशे नेत्ररुग्णांमागे एक असे प्रमाण अनेक वर्षे उद्धृत केले जात आहे. रुग्ण बहुतेक करून वीस ते चाळीस या वयातील पुरुष असतात. आरंभी तक्रार एका डोळ्याची असली, तरी बहुतांश रुग्णांत पुढेमागे दुसऱ्या डोळ्यातही रोगाची चिन्हे दिसतात. म्हणूनच चांगला वाटणारा डोळाही प्रत्येक वेळी तपासणे आवश्यक ठरते.

रोग कसा वाढतो

पहिल्या टप्प्यात नीलांच्या भिंती सुजतात. तपासणीत त्यांच्याभोवती पांढरट आवरण दिसते. मध्यभागी, जेथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तेथे सूज पोचली नसेल, तर रुग्णाला काहीच जाणवत नाही.

दुसऱ्या टप्प्यात सुजलेल्या वाहिन्या बंद पडू लागतात आणि पडद्याच्या कडेच्या भागाला रक्त मिळेनासे होते. याही वेळी दुखत नाही आणि समोरचे दिसणे कमी होत नाही.

तिसऱ्या टप्प्यात उपाशी राहिलेला पडदा एक रासायनिक द्रव्य स्रवतो व त्याच्या प्रभावाने नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. शरीराच्या दृष्टीने ही दुरुस्तीची धडपड असते, पण नव्या वाहिन्या फार नाजूक असतात. त्या फुटल्या की डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक जेलीत रक्त उतरते. रुग्णाला अचानक काळे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुराचा लोट दिसतो. रक्त जास्त असेल, तर काही तासांत त्या डोळ्याने बोटे मोजणेही अवघड होते.

चौथ्या टप्प्यात नव्या वाहिन्यांबरोबर वाढलेल्या तंतूंचे व्रण आकसतात आणि पडद्याला ओढू लागतात. भिंतीवरचा जुना कागद सुटावा तसा पडदा जागेवरून सुटतो. या अवस्थेत पोचलेल्या डोळ्याची दृष्टी परत मिळवणे कठीण असते, कधी कधी अशक्य असते.

येथे एक गोष्ट कुटुंबीयांनी नीट ध्यानात घ्यावी. पहिल्या रक्तस्रावातील रक्त पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप शोषले जाते आणि दृष्टी पूर्ववत होते. रुग्णाला वाटते, आजार गेला. प्रत्यक्षात फक्त रक्त निवळलेले असते. बंद पडलेल्या वाहिन्या बंदच असतात आणि नव्या नाजूक वाहिन्या वाढत असतात.

क्षयरोगाशी असलेले नाते

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. ईल्स यांचे या रोगावरील दुसरे लेखनही त्याच वर्षीचे. या दोन रोगांचे काही नाते असावे, अशी शंका नेत्रवैद्यांना फार पूर्वीपासून होती, कारण ईल्सच्या अनेक रुग्णांत क्षयाच्या जंतूंशी पूर्वी संपर्क आल्याच्या खुणा आढळत. तथापि त्यांच्या डोळ्यातून जिवंत जंतू सापडत नसत.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी या प्रश्नावर महत्त्वाचे काम केले. ईल्सच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना पडद्यावरून काढलेल्या पापुद्र्यांची त्यांनी पीसीआर पद्धतीने तपासणी केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या नमुन्यांत क्षयजंतूंचा जनुकीय अंश आढळला. इतर रोगांच्या नमुन्यांत तो क्वचित आढळला. यावरून अनेक तज्ज्ञांचे मत असे आहे की, सर्व नसले तरी बऱ्याच रुग्णांत हा दाह क्षयजंतूंच्या घटकांविरुद्ध शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया असावी.

ईल्स रोग झाला म्हणजे रुग्णाला फुफ्फुसाचा क्षय झाला आहे, असा याचा अर्थ नाही. पुष्कळ रुग्णांच्या छातीत काही दोष निघत नाही. डोळ्यातील हा दाह हस्तांदोलनाने, एकत्र जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने पसरत नाही. लग्न ठरलेल्या तरुणांचे पालक याबाबत दबक्या आवाजात विचारतात, म्हणून हे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. छातीचाही क्षय निघालाच, तर घरच्यांनी कोणती काळजी घ्यायची, ते डॉक्टर स्वतंत्रपणे सांगतात.

तपासण्या

डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करणे आणि पडद्याच्या कडेपर्यंत पाहणे ही पहिली व सर्वांत महत्त्वाची तपासणी. त्यानंतर हाताच्या शिरेत रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन पडद्याची छायाचित्रे घेतात. ही फ्लुरोसिन अँजिओग्राफी १९६१ सालापासून वैद्यकाला ज्ञात आहे. कोणती वाहिनी गळते, कोणता भाग रक्ताविना आहे आणि नव्या वाहिन्या कोठे फुटल्या आहेत, याचा नकाशाच तिच्यातून मिळतो. या तपासणीनंतर त्वचा व लघवी काही काळ पिवळी दिसते, त्याने घाबरू नये. ओसीटी यंत्राने पडद्याच्या मध्यभागावरील सूज मोजता येते. आत रक्त भरल्याने पडदा दिसतच नसेल, तर सोनोग्राफीने तो जागेवर आहे की सुटला आहे हे कळते.

याखेरीज रक्ताच्या चाचण्या, छातीचा क्ष-किरण फोटो किंवा सीटी स्कॅन, मॅन्टू व इग्रा या चाचण्या केल्या जातात. मधुमेह व रक्तदाब पाहिले जातात. विदर्भ, नंदुरबार व पालघर या भागांतील, विशेषतः आदिवासी कुटुंबांतील, रुग्णांच्या बाबतीत सिकलसेलची चाचणीही विचारात घेतात, कारण त्या आजारातही पडद्याच्या कडेच्या वाहिन्या बंद पडून असेच चित्र दिसू शकते. "डोळ्याला त्रास आणि रक्त कशाला तपासता?" असा प्रश्न नातेवाईक आम्हाला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर हेच की, कारण वेगळे निघाले तर औषधही वेगळे द्यावे लागते.

उपचार

उपचार रोगाच्या टप्प्याप्रमाणे ठरतात व त्यांचा उद्देशही टप्प्याप्रमाणे बदलतो.

सक्रिय दाह शमवण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. काही वेळा डोळ्याभोवती किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात. गोळ्यांची मात्रा आठवड्यागणिक हळूहळू उतरवायची असते. त्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे आणि बरे वाटते म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून चालू ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे. स्टेरॉइडने रक्तातील साखर, रक्तदाब व डोळ्यातील दाब वाढू शकतो, तसेच दडलेला क्षय उफाळू शकतो. त्यामुळे ही औषधे देखरेखीखालीच घ्यावीत. दाह पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारखी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे तज्ज्ञ डॉक्टर विचारपूर्वक देतात.

चाचण्या व डोळ्यातील चिन्हे क्षयाकडे बोट दाखवत असतील, तर क्षयविरोधी औषधांचा पूर्ण क्रम दिला जातो. तो किमान सहा महिने व अनेकदा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ चालतो. हा निर्णय नेत्रतज्ज्ञ व क्षयरोगतज्ज्ञ मिळून घेतात. या औषधांपैकी एथॅम्ब्युटॉलचा क्वचित डोळ्याच्या मज्जातंतूवर परिणाम होतो, म्हणून ते चालू असताना दृष्टी व रंग ओळखण्याची क्षमता वेळोवेळी तपासतात. लाल व हिरवा रंग फिका वाटू लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे. रिफॅम्पिसिनमुळे स्टेरॉइडचा प्रभाव कमी होतो, त्यामुळे चालू असलेली प्रत्येक गोळी दोन्ही डॉक्टरांना दाखवणे गरजेचे आहे.

नव्या वाहिन्या फुटल्या असतील, तर लेझर हा मुख्य उपचार. प्रखर प्रकाशाने पडद्यावर उपचार करण्याची कल्पना जर्मनीतील डॉ. मायर-श्विकेराथ यांना सुचली. १९४५ सालचे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने पडदा भाजलेला एक विद्यार्थी त्यांच्याकडे आला होता. जो प्रकाश पडदा जाळतो तोच मोजून-मापून वापरला तर उपयोगी पडेल, असा विचार त्यांनी केला. आज लेझरचे बारीक ठिपके पडद्याच्या रक्ताविना राहिलेल्या कडेच्या भागावर देतात. तो भाग निकामी झाला की त्याची हाकाटी थांबते आणि नव्या वाहिन्या सुकतात. लेझरने दृष्टी वाढत नाही, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. जे शिल्लक आहे ते जपण्यासाठी तो असतो. उपचार खुर्चीवर बसवून होतो, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि पुष्कळदा दोन-तीन बैठका लागतात.

बेव्हासिझुमॅबसारखे औषध डोळ्यात टोचून नव्या वाहिन्यांची वाढ तात्पुरती रोखता येते. ते मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आले होते व २००५ सालापासून डोळ्यांसाठीही वापरले जाऊ लागले. व्रणांची ओढ आधीच जास्त असेल, तर या इंजेक्शनाने ती वाढू शकते, म्हणून ते सरसकट दिले जात नाही.

रक्त बराच काळ निवळले नाही किंवा पडदा ओढला जाऊ लागला, तर व्हिट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया करावी लागते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामी येथे रॉबर्ट माखेमर यांनी ती प्रचारात आणली. सूक्ष्म छिद्रांतून आतील गढूळ जेली कापून काढणे, पापुद्रे सोडवणे आणि पडदा जागेवर बसवणे असे तिचे स्वरूप आहे. ही शस्त्रक्रिया कौशल्याची व महागडी असून पडदा सुटल्यावर केली, तर यशाची खात्री देता येत नाही.

एका फाईलवरील शेरा

आता आरंभी म्हटलेले कारण सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या बाह्यरुग्ण विभागात एक सव्वीस वर्षांचा तरुण आला. जवळच्या एका गोदामात तो माल चढवण्या-उतरवण्याचे काम करी. उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता. ईल्स रोगाचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि लेझरची पहिली बैठक झाली. दुसऱ्या बैठकीपूर्वीच रक्त निवळले व त्याला स्पष्ट दिसू लागले. दिलेल्या तारखेला तो आला नाही. नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले गेले.

त्याच सुमारास नेत्रविभागातील लिपिक भगिनींनी माझ्याकडे एक टिपण पाठवले होते. पडद्याच्या आजाराचे जे रुग्ण तारखेला येत नाहीत, त्यांना दूरध्वनी करण्यासाठी व पत्र पाठवण्यासाठी दरमहा थोड्या रकमेची मंजुरी हवी होती. मी समासात शेरा लिहिला : "अनावश्यक खर्च. तारीख पाळणे ही रुग्णाची जबाबदारी आहे." टिपण परत गेले.

चौदा महिन्यांनी तो तरुण थोरल्या भावाचा हात धरून आला. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता व डाव्या डोळ्यातही नव्या वाहिन्या फुटल्या होत्या. त्याला मुंबईला पाठवून शस्त्रक्रिया झाली. खर्चाचा मोठा भाग आपल्या संस्थेने उचलला. उजव्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. डाव्या डोळ्याला वेळेत लेझर मिळाला, तो वाचला.

बिलासंबंधी बोलण्यासाठी त्याचा भाऊ माझ्या टेबलासमोर बसला होता. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "साहेब, त्याला तेव्हा दिसत होतं. दिसतंय तर परत कशाला यायचं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. कार्डावर नुसती तारीख होती."

मी कार्ड मागवून पाहिले. खरोखरच नुसती तारीख होती.

त्या वर्षीच्या लेखापरीक्षणात याबाबत एकही आक्षेप आला नाही. जमाखर्च जुळला होता. नाकारलेली रक्कम 'बचत' या सदरात दिसत होती आणि शस्त्रक्रियेसाठी दिलेली रक्कम 'रुग्णसाहाय्य' या सदरात. दोहोंचा संबंध ताळेबंदाच्या कोणत्याही पानावर दिसत नव्हता. तो संबंध मला माहीत होता. शेरा लिहिलेले ते टिपण मी माझ्या कपाटात आजही जपून ठेवले आहे.

फेरतपासणी का चुकते

त्यानंतर मी काही दिवस नेत्रविभागात बसून रुग्णांशी बोललो. तारीख चुकण्यामागे बेफिकिरी फार कमी असते, हे तेव्हा मला कळले. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचे दिसत नाही व उजेड सहन होत नाही. त्यामुळे दुचाकी चालवता येत नाही, यंत्रावर काम करता येत नाही. सोबत माणूस आणावा लागतो. म्हणजे एका फेरीत दोघांची मजुरी बुडते आणि वर रिक्षा-बसचे भाडे लागते. रोजंदारीवरच्या माणसाला मुकादम दरमहा सुटी देत नाही. पुष्कळजण खोली बदलतात, मोबाईलचा क्रमांक बदलतात किंवा पेरणीच्या वेळी गावी जातात. ज्या आजारात दुखत नाही, त्यासाठी एवढी पदरमोड कोणी करावी?

म्हणून आपण काही साध्या गोष्टी सुरू केल्या. पडद्याच्या आजाराच्या रुग्णांची स्वतंत्र फेरतपासणी नोंदवही ठेवली. तीत दोन संपर्क क्रमांक लिहितो, एक रुग्णाचा व एक गावाकडील वा नात्यातील व्यक्तीचा. तारखेला न आलेल्यास दुसऱ्या कामाच्या दिवशी दूरध्वनी जातो. कार्डावर तारखेखाली मराठीत व हिंदीत एक वाक्य छापतो : "दिसत असले तरी या. आजार आत असू शकतो." पडद्याचे छायाचित्र व उपचाराचा सारांश रुग्णाच्या हाती देतो, म्हणजे तो गावी गेला तरी तेथील डॉक्टरांना पुढचे उपचार सुरू ठेवता येतात. गरजूंना प्रवासभाडे देतो. या कशालाही मोठे यंत्र लागत नाही.

देणगीदारांसाठी दोन शब्द

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. ही तरतूद अत्यंत मोलाची आहे. परंतु ईल्सचा रुग्ण खाटेवर क्वचितच येतो. त्याचा उपचार बाह्यरुग्ण विभागात, तपासणीच्या खुर्चीवर, वर्षानुवर्षे चालतो. तो खाटेवर येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

देणगी देताना यंत्रावर किंवा खोलीवर आप्तांचे नाव असावे, ही भावना स्वाभाविक आहे आणि अशा देणग्यांमुळेच आपला नेत्रविभाग उभा राहिला, याची कृतज्ञ जाणीव आम्हाला आहे. दूरध्वनीच्या बिलावर, प्रवासभाड्यावर किंवा नोंदवही सांभाळणाऱ्या सेविकेच्या मानधनावर पाटी लावता येत नाही. तरीही देणगीतील काही अंश फेरतपासणीसाठी राखून ठेवण्याची अनुमती आपण द्यावी, अशी नम्र विनंती आहे. लेझरचे यंत्र रुग्ण त्याच्यासमोर येऊन बसल्यावरच उपयोगी पडते.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी सूचना

१. दररोज सकाळी एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचा दोष लक्षात येत नाही.

२. अचानक काळे ठिपके, जाळे वा धूर दिसणे, प्रकाशाच्या ठिणग्या चमकणे किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

३. रक्तस्राव झाला असताना डॉक्टर सांगेपर्यंत जड ओझे उचलू नये व झोपताना डोके उंचावर ठेवावे.

४. स्टेरॉइडची मात्रा स्वतः वाढवू, कमी करू वा थांबवू नये. क्षयाची औषधे एक दिवसही चुकवू नयेत.

५. क्षयरोगाचे उपचार सुरू झाल्यास शासनाकडे नोंदणी अवश्य करून घ्यावी. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ सालापासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. ती थेट बँक खात्यात जमा होते.

६. शस्त्रक्रियेची गरज पडल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते किंवा कसे, याची आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी. शिधापत्रिका व आधारपत्र सोबत ठेवावे.

७. गावी जाण्यापूर्वी किंवा खोली बदलण्यापूर्वी नेत्रविभागात कळवावे. फाईलची प्रत विनामूल्य मिळते.

८. तपासणीला येताना सोबत एक माणूस आणावा. तशी सोय नसेल तर संकोच न करता आम्हाला सांगावे, आम्ही मार्ग काढू.

समारोप

ईल्स रोग जीवघेणा नाही. वेळेत ओळखला, औषध व लेझर योग्य वेळी मिळाले आणि काही वर्षे नेमाने तपासणी झाली, तर बहुसंख्य तरुणांची उपयुक्त दृष्टी टिकते. अनेकांमध्ये कालांतराने रोग शांतही होतो. मधली ती वर्षे निभावून नेणे हे रुग्ण, कुटुंब व रुग्णालय या तिघांचे काम आहे.

वर उल्लेखिलेला तरुण आजही आपल्याकडे फेरतपासणीस येतो. डाव्या डोळ्याच्या आधारे तो आता गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम करतो. गेल्या खेपेस तारीख संपल्यावर दोन दिवसांनी आला, तेव्हा सेविकेने त्याला सौम्य शब्दांत हटकले. तो हसून म्हणाला, "फोन आला म्हणून तर आलो." हा दूरध्वनी यापुढेही चालू राहावा, यासाठी आपल्या सर्वांचे सहकार्य लाभेल, असा विश्वास व्यक्त करून हा लेख पूर्ण करतो.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी